अडीच किलो

वीज गेली. मामांना तेवढंच निमित्त पुरे होतं.

"भुताची सांगा ना," भाचा म्हणाला.

"भुताची नाही. झालेली सांगतो." मामांनी तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. त्यांच्याकडच्या सगळ्याच गोष्टी झालेल्या असत.

स्वयंपाकघरातून मामी ओरडल्या, "बाळंतिणीसमोर काहीबाही बोलू नका हं!"

"अगं, बाळंतिणीचीच आहे!"

भाची हसली. बारा दिवसांची बाळंतीण ती; लेक मांडीवर. बाळ कधी प्यायलं, किती मिनिटं प्यायलं, सगळं वहीत लिहायची, आणि मग वहीवरही तिचा विश्वास बसायचा नाही. आज मात्र लेक दुपारपासून गाढ झोपलेली.

"शहाणी आहे माझी बाय," ती कौतुकाने म्हणाली. "रडतच नाही."

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

त्यांच्या दवाखान्यात एक सिस्टरबाई होत्या. काम घरोघर जायचं. बाळंतीण घरी गेली की तिसऱ्या दिवशी एक फेरी, सातव्या दिवशी दुसरी. आईचा ताप बघायचा, पोट दाबून बघायचं, बाळाला कापडी झोळीत घालून काट्याला टांगायचं आणि वजन कार्डावर लिहायचं. हात इतका हलका, की बाळं झोळीतच झोपून जायची.

एका घरी तिसऱ्या दिवशी बाळ दोन किलो तीनशे भरलं. कमीच. सातव्या दिवशी वाढलं नाही तर दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण सातव्या दिवशी त्या इमारतीची लिफ्ट बंद. घर चौथ्या मजल्यावर, बाईंचे गुडघे कुरकुरणारे, त्यात दिवसातलं अकरावं घर. त्यांनी खालूनच हाक मारली. बाळंतीण खिडकीत आली.

"काय गं, बरं आहे ना सगळं?"

"हो सिस्टर! बाळ तर इतकं शहाणं, रडतच नाही."

बाईंनी जिन्याच्या कठड्यावर टेकवून कार्ड भरून टाकलं. ताप नाही. वजन अडीच किलो.

भाचीने लेकीच्या गालाला बोट लावलं. लेक हलली नाही. झोपलीय, भाचीने स्वतःला सांगितलं.

तीन दिवस गेले. डिसेंबरातला मंगळवार. संध्याकाळी भांडी घासता घासता बाईंचे हात थांबले. रडतच नाही. एवढंसं बाळ रडत नाही ते शहाणं असतं म्हणून नव्हे. अंगात ताकद नसते म्हणून. दवाखान्यातल्या नव्या पोरींना हे त्याच तर शिकवायच्या! हात पुसले, काटा पिशवीत टाकला, निघाल्या. पुन्हा वजन करू. आकडा दुरुस्त करू. वेळ पडली तर दोघांना आत्ताच उचलून दवाखान्यात आणू.

सव्वासात वाजले होते.

लिफ्ट अजून बंदच. चौथा मजला. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार.

"सिस्टर ना? या. वाटच बघत होते."

"दिवा लावू का गं?"

"नको. झोपलंय."

बाईंनी चाचपडत दारामागच्या खुंटीला काटा अडकवला. बाळंतिणीने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ झोळीत ठेवलं. झोळी ताणली गेली. बाईंनी फोनचा उजेड काट्यावर धरला.

शून्य.

टिचकी मारली.

शून्य.

"किती भरलं?"

"थांब हं... काटा अडकलाय वाटतं..."

"अडीच किलो ना? तुम्हीच लिहिलंय."

कार्ड पिशवीत होतं. पिशवीच्या तळाशी. घडी घातलेलं.

बाईंच्या मनगटावर एक हात पडला. गार नाही. तापलेला. चटका बसेल असा.

"मला ताप नाही ना, सिस्टर?"

बाईंनी हात सोडवायला हिसका दिला.

"तुम्हीच लिहिलंय."

बाई पळाल्या. काटा, पिशवी, सगळं तिथेच. दुसऱ्या मजल्यावर त्यांची समोरून येणाऱ्या बाईशी धडक झाली. चौथ्या मजल्यावरची शेजारीण.

"सिस्टर? वर कुठे गेला होतात? अहो... कोणी कळवलं नाही तुम्हाला? काल गेली ती. तापाने. बाळ पहाटे गेलं, ती दुपारी."

"दार... उघडं आहे."

"कसं असेल? तिच्या नवऱ्याने मलाच कुलूप लावायला सांगितलं. ही बघा किल्ली."

दोघी वर गेल्या. एकमेकींना धरून.

दाराला कुलूप होतं. पिशवी उंबऱ्याशी. कडीला काटा टांगलेला. झोळी रिकामी.

काटा अडीचवर.

मामा थांबले.

भाचीने लेकीच्या तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. कानामागे चोळलं. दुपटं सोडलं, छाती उघडी केली, गार बोटं लावली...

लेकीने भोकाड पसरलं.

"सांगितलं होतं ना, नको म्हणून!" मामी धावत आल्या. "उठवलंत पोरीला!"

"रडू दे," मामा म्हणाले. "छान रडतेय."

भाचीने लेकीला पदराखाली घेतलं. लेक प्यायला लागली, चांगली चपाचपा आवाज करत, तेव्हा कुठे सगळ्यांना श्वास घेता आला.

"मामा," भाच्याने हळूच विचारलं, "मग तो काटा?"

"बाईंकडेच आहे. नोकरी सोडली त्यांनी, पण काटा टाकवत नाही. घरात खुंटीला टांगलेला असतो, रिकाम्या झोळीसकट. परवाच जाऊन आलो मी."

"अजून अडीचवर?"

मामांनी भाचीच्या पदराकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पावणेतीन."