खाडीवरचा सरळ मार्ग

आमच्या विमानतळावरून पलीकडच्या विमानतळावर वळसा घालून जायला तासभर लागतो. मधल्या खाडीवरून सरळ गेलं तर दहा मिनिटं वाचतात. विमानांचे मार्ग आखणं हे माझं काम, आणि हा सरळ मार्ग मीच आखला. साहेबांनी पाठ थोपटली. त्या मार्गावर रोज विमान नेणारा वैमानिक म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "बाईसाहेब, वाचलेल्या दहा मिनिटांत माझ्या शर्टाचं बटण तरी लावून द्या."

"हात मोडलेत का तुझे?" मी म्हटलं. बटण आठवडाभर एका दोऱ्यावर लोंबकळत होतं.

मग दाढी लक्षात आली. सकाळी माझ्यासमोर गुळगुळीत दाढी करून गेलेला माणूस दुपारी परतला तो गालांवर खुंट घेऊन. घाईत नीट केली नसेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी खुंट आणखी लांब. नखंही वाढलेली. घड्याळात मात्र एका मिनिटाचा फरक नाही. रडारच्या पडद्यावरचा विमानाचा ठिपका खाडी ओलांडून वेळेवर उतरताना मी स्वतः पाहिला होता.

उतारू जिन्यावरून डोळे चोळत उतरायचे. कपडे चुरगळलेले, पण चेहरे कसे निवांत, दुपारची गाढ झोप झाल्यासारखे. एकाचीही तक्रार नाही.

"खाडीवर काय होतं रे?" मी जेवताना विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला. "धुकं लागतं. पांढरं, ऊबदार. इंजिनांचा आवाज विरतो. मग खूप वेळ..." तो स्वतःशीच हसला. "छान वाटतं गं."

"खूप वेळ म्हणजे किती?"

"तू रागावशील."

माझा माणूस रोज थोडा थोडा लांब चालला होता, तोही मीच आखलेल्या रेषेवरून.

सकाळी कुणालाही न विचारता मी जुना वळसा परत लावला. साहेब भडकले. "दहा मिनिटांचं जास्तीचं इंधन काय तुमच्या घरून आणणार?" भडकू देत, म्हटलं. नवरा आहे माझा, इंधनाचं काय घेऊन बसलात!

तो विमानात चढला तेव्हा बटण तसंच लोंबकळत होतं. विमान निघाल्यापासून मी पडद्यासमोरून हलले नाही. ठिपका खाडीच्या कडेकडेने गेला आणि तसाच परत आला. पाण्याला शिवलासुद्धा नाही. वळशाला लागतो तेवढाच वेळ लागला.

मी धावतच जिन्यापाशी गेले. तो शेवटी उतरला. गाल गुळगुळीत! सगळ्यांदेखत मी त्याच्या गालावरून हात फिरवला. हसू आणि रडू एकदमच आलं.

"सुटलास रे बाबा!"

हात खाली त्याच्या छातीपाशी आला.

बटण घट्ट बसलं होतं. निळा दोरा, बारीक टाके. आमच्या घरात निळा दोरा नाही.

"हे कुणी लावलं?"

"तूच की. एक शब्द न बोलता लावलंस."

"कधी?"

"तिकडे, धुक्यात."

त्याने माझ्या कपाळावरची बट हळूच बोटात धरली, उजेडात नीट पाहिली.

"अरेच्चा," तो म्हणाला, "इथे तुझे केस अजून काळेच आहेत."