वरच्या मजल्यावर कॉफी कुटतात

आमच्या डोक्यावर रोज चार-पाचदा कॉफी कुटली जायची, आणि आम्हाला एकदाही बोलावणं नाही.

आईला ते फार लागलं होतं. भाजलेल्या कॉफीचा खलबत्ता वाजला की शेजाऱ्याला हाक मारायचीच. भांडण असलं तरी मारायची, भांडत प्यायची. आणि हा वरचा माणूस राहायला येऊन महिना झाला, दिवसभर धप-धप-धप कुटतो आणि एकटा पितो म्हणजे काय? आई रोज छताकडे बघून पुटपुटायची. शेवटी एका दुपारी तिने मला दाराकडे पिटाळलंच. म्हणाली, वुबित, जा आणि विचार त्याला, आमच्या घरात काय साथ आलीय का?

मी घरीच असायचे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, कानाला हेडफोन, परदेशातल्या विमा कंपनीचे दावे तपासायचे, की झाला दिवस. दोन वर्षं हेच. अख्ख्या अदिस अबाबाने टेकड्या चढाव्यात आणि मी उशी बदलून पुन्हा त्याच खुर्चीत बसावं. या दोन वर्षांत माझा उजवा खांदा कधी आखडत गेला ते मला समजलंच नाही. समजलं ते धाकट्या ब्रुक्तीचं लग्न ठरलं तेव्हा.

लग्न फासिकाच्या, म्हणजे आमच्या ईस्टरच्या, सणानंतरच्या रविवारी होतं. मोठा उपास सुटल्याशिवाय लग्न नाही, गाणं नाही, नाच नाही. आणि लग्नात नवरीसमोर पहिली नाचते ती थोरली बहीण. आमचा नाच खांद्यांचा. हात कमरेवर ठेवायचे आणि काय बोलायचं ते खांद्यांनी बोलायचं. लहानपणी मी नाचायला लागले की बायका हातातलं काम टाकून बघायच्या, हे मी नाही, आई सांगते. त्या रात्री आरशासमोर उभी राहिले. डावा खांदा थरथरला. उजवा... हललाच नाही. डॉक्टर म्हणाले, आधी खुर्ची सोडा. मी घरी येऊन त्याच खुर्चीत बसून रडले. ब्रुक्तीला काही सांगितलं नाही.

तर मी वर गेले. एकच मजला, तरी धाप लागली. आतून धप-धप चालूच होतं. दार वाजवलं तसं ते थांबलं.

दार उघडणारा माणूस घामाने निथळत होता. अनवाणी, कमरेला पांढरी शाल घट्ट बांधलेली. डोळे मात्र असे, की चोरी करताना सापडलाय.

"कॉफी झाली का?" मी विचारलं. "नाही, महिनाभर ऐकतोय आम्ही. म्हटलं, या घरात शेजाऱ्यांना बोलवायची पद्धत नसेल."

तो गोंधळला. मग म्हणाला, "माझ्याकडे कॉफीचा दाणासुद्धा नाही. मला करता येत नाही."

"मग कुटता काय?"

त्याने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्याची शाल, त्याचा घाम, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही नाचता," मी म्हटलं. "उपासात."

"गाणं लावलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "गाण्याशिवाय नाच होत नाही. हा... व्यायाम आहे. खांदे हलले की पाय गप्प बसत नाहीत, त्याला मी काय करू? तुमच्या आईंना सांगू नका."

त्याचं नाव यिर्गा. गोज्जामकडचा. घरी बसून रस्त्यांचे नकाशे काढायचा. दिवसभर एवढे रस्ते काढतो, म्हणाला, पण चालत एकावरही नाही. पाठ धरली तेव्हा त्याने स्वतःला नेम घालून घेतला, एक तुकडा काढून झाला की उठायचं आणि अंग मोकळं होईपर्यंत खांदे खेळवायचे. मी म्हटलं, दाखवा. तो लाल झाला. लोकांसमोर त्याला जमत नसे, लहानपणापासून. कोणी बघतंय म्हटलं की अंग लाकूड व्हायचं. एकट्याने मात्र...

"मी पाठ फिरवते," मी म्हटलं.

फिरवली. पण समोर खिडकी होती आणि काचेत सगळं दिसत होतं.

काय सांगू? मी आयुष्यभर हा नाच बघत आलेय, लग्नांत, सणांत, गल्लीत. असा नव्हता पाहिला. माणूस जागच्या जागी उभा, चेहरा शांत, आणि खांद्यांतून काहीतरी उठत होतं, मानेपर्यंत जात होतं, परत छातीत उतरत होतं. इतकं बारीक आणि इतकं भरभर, की डोळ्यांना धरता येईना. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या अंगात हे असतं? म्हणजे माझ्याही अंगात असेल? मला एकदम देवळात उभं असल्यासारखं वाटलं, आणि थोडी भीतीसुद्धा.

तो थांबला. "खिडकीत बघत होतात ना?"

"रस्ता बघत होते," मी म्हटलं.

"कुठला?"

"...लक्षात नाही."

मग मी त्याला माझ्या खांद्याचं सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला. तो हसला नाही. त्याने फक्त माझा हात कोपरापाशी धरला, अलगद वर नेला, आणि जिथे दुखलं तिथे थांबला.

आईला मी सांगितलं की वरच्याला कॉफी करता येत नाही, बिचारा नुसताच खलबत्ता वाजवतो. आईचा राग तिथल्या तिथे विरघळला. ती त्याला रोज कॉफीला बोलावू लागली. तीन फेऱ्या, मध्येच उठायचं नाही. तो अंगठा-तर्जनीत तो इवला कप धरून बसायचा आणि मी ओतायला उठले की म्हणायचा, डाव्याने नको, उजव्याने ओत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि दिवसभर छत. वर धप झालं की मी खुर्चीतून उठायची. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून उभ्याने काम करायची, फोन आला की जिन्यात वर-खाली करत बोलायची, पाण्याचा डबा स्वतः आणायची. पण खरं ते छताखालचं. तो वर, मी खाली, गाणं नाही, एकमेकांना दिसतही नाही... आणि तरी दोघं नाचतोय. कधी त्याला उशीर झाला तर मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. तिथून घाईघाईने दोन ठोके यायचे. कंपनीचे साहेब फोनवरून विचारायचे, काय वाजलं? मी सांगायची, शेजारी कॉफी कुटतात.

उपासाच्या शेवटच्या आठवड्यात त्याने नाच बंद ठेवला. आईने पाप म्हटलं असतं म्हणून नव्हे, त्यालाच नको वाटलं. छत गप्प झालं आणि मला घर खायला उठलं. मला वाटलं होतं, मी खांद्यासाठी त्या धपधपीची वाट बघते. त्या आठवड्यात कळलं, वाट कोणाची बघत होते ते.

लग्नाचा मांडव इमारतीच्या अंगणातच होता. मासिन्कोवाल्याने एकुलत्या तारेवर गज फिरवला, बायकांनी वर्तुळ धरलं, ब्रुक्ती माझ्यासमोर उभी राहिली. मी हात कमरेवर ठेवले. डावा खांदा गेला. उजवा गेला, थोडा, अजून थोडा... आणि अडकला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. टाळ्या मंदावल्या. ब्रुक्तीचा चेहरा पडला. कोणीतरी मागे म्हणालं, हिला काय झालं? मला वाटलं, संपलं, आता कधीच नाही.

आणि मांडवाच्या खांबापाशी हातात ताट घेऊन उभा असलेला यिर्गा ताट खाली ठेवून वर्तुळात आला.

माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक. सगळी इमारत बघतेय. मला वाटलं, आता हा काचेत पाहिलेलं ते सगळं दाखवणार, लोक मला विसरतील, मी सुटेन. त्याने तसं काही केलं नाही. त्याने उजवा खांदा उचलला, माझा उचलला होता तेवढाच. तिथेच थांबवला. डावा तेवढाच, माझ्यासारखाच. ज्या खांद्यांत एवढं काही होतं ते त्याने माझ्या मापाचे करून घेतले होते. मी बघतच राहिले. मग मला हसू फुटलं. हसताना खांदा केसभर पुढे गेला, आणि त्याचाही केसभर गेला. कुठेही माझ्यापुढे नाही. आम्ही एवढंसंच नाचलो, अगदी एवढंसं. पण मासिन्कोवाल्याने त्यालाच ताल धरला, ब्रुक्ती आमच्या मापाने आमच्यात आली, आणि बायकांनी जिभा हलवून जो कल्लोळ केला तो रस्त्यापर्यंत गेला असणार.

नंतर तो मला पाण्याच्या टाकीमागे सापडला. पायऱ्यांवर बसला होता.

"लोकांसमोर जमत नाही म्हणाला होतास."

"नाहीच जमत."

"मग?"

"तू रडवेली झाली होतीस," तो म्हणाला. "मला दुसरं कोणी दिसलंच नाही."

मी त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, यिर्गा, डॉक्टर म्हणतात, खांदा कदाचित एवढाच राहील.

"राहू दे," तो म्हणाला. "वुबिये..." घरच्यांनीच घ्यायचं ते नाव त्याने घेतलं. "तू जेवढी हलशील, तेवढाच मी हलेन. जन्मभर. चालेल का तुला?"

एवढ्या अंगभर देणगीचा माणूस आणि हे असं विचारत होता, परवानगी मागितल्यासारखं. माझा विश्वासच बसेना.

"तुझ्याकडची वडीलमाणसं मागणी घालायला पाठव आईकडे," मी म्हटलं. "लवकर पाठव."

आतून आईने हाक मारली, नवरीची बहीण कुठाय म्हणून. मी ओ दिली, पण जागची हलले नाही.