गॉर्डीमामाच्या पट्ट्या

"मामा वेडा झालाय," टोबिन मेरेनताईच्या कानात कुजबुजला. "बघ, तिसऱ्यांदा बूट घालून काढतोय."

वेडा कसला, कावला होता नुसता! कॅनडातल्या सेलकर्क डोंगरातल्या त्या लाकडी केबिनमध्ये वादळानं चौघांना तीन दिवस कोंडून ठेवलं होतं. ख्रिसमसच्या सुट्टीतले तीन दिवस फुकट! पत्ते खेळून झाले, भांडून झालं, पॅनकेकचा वीट आला. आज सकाळी वारा जरा पडला आणि गॉर्डीमामा बाबांच्या मागे लागला, की समोरच्या उतारावर स्कीची फक्त एक फेरी मारून येऊ. बाबा "बघू" म्हणाले आणि मेरेन घाबरली. मामाला नाही म्हणणं बाबांना जन्मात जमलं नव्हतं.

तिच्या भीतीला कारण होतं. पाण्यासाठी बर्फ भरून आणायला ती आणि टोबिन बाहेर पडले, तेव्हा पायांखाली 'धप्प' झालं. सगळा बर्फ दोन बोटं खाली बसला आणि एक चीर सरसरत झाडांपर्यंत गेली. टोबिन बादली टाकून ताईला चिकटला.

मेरेननं तिथेच, केबिनमागच्या छोट्या चढावर, फावड्यानं खड्डा खणला. शाळेच्या दोन दिवसांच्या वर्गात शिकवलं होतं तसा बर्फाचा खांब मोकळा केला, वर फावडं उपडं ठेवलं आणि मनगटातून हलकेच थापा मारल्या. दहा मारायच्या असतात, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून. दुसऱ्याच थापेला वरचा अर्धा खांब सटकून खाली आला! मध्ये पिसांसारख्या हिमकणांचा थर होता, आणि त्यावर वादळाचा सगळा बर्फ नुसता टेकलेला होता. समोरच्या उतारावर कुणी पाय ठेवला, की तिथलाही सगळा असाच सुटून खाली येणार!

हे ऐकून मामा हसला. पंधरा वर्षं तो त्याच उतारावरून उतरत होता. "दोन दिवस शिकलात आणि मला शिकवताय? शहाणे कुठले," म्हणत तो कॉफी ओतायला वळला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

आता काय करायचं? शेगडीवरच्या दोरीवर मामाच्या आणि बाबांच्या पट्ट्या वाळत होत्या. स्कीच्या तळाला त्या केसाळ पट्ट्या चिकटवल्या नाहीत, तर चढावर माणूस मागे घसरतो. मेरेननं टोबिनकडे पाहिलं.

पाच मिनिटांनी टोबिन पोट धरून झोपायच्या पिशवीत कण्हत होता आणि मामा ओट्सच्या डब्यातसुद्धा हात घालून शोधत होता. "काल इथेच टांगल्या होत्या! पाय फुटले का त्यांना?" त्यानं सगळ्या बॅगा उलट्या केल्या. पण पोटाशी दडवलेल्या केसाळ पट्ट्यांनी टोबिनला गुदगुल्या होत होत्या. बिचाऱ्यानं ओठ चावले, श्वास रोखला आणि शेवटी फिस्सकन हसला.

मामा लालबुंद झाला. मेरेन मध्ये उभी राहिली.

"पट्ट्या घेऊन जा," ती म्हणाली. "पण आधी तू स्वतः खांब ठोकून बघ, मामा. तू म्हणशील तिथे."

तणतणत मामा बाहेर गेला. त्यानं नवा खांब खणला आणि एक थाप मारली. दुसरी मारावीच लागली नाही. बर्फाची लादी त्याच्या बुटांवर येऊन पडली. त्यानं बुटांवरचा बर्फ झटकला, आत आला आणि पट्ट्या पुन्हा दोरीवर टांगल्या.

दुपारी वारा पुन्हा पिसाळला आणि कड्यावरचा बर्फ ढासळला. एक दबका आवाज आला आणि समोरचा अख्खा उतार सुटला! केबिनच्या काचा पांढऱ्या झाल्या. धुरळा बसला तेव्हा खालची देवदाराची झाडं काड्यांसारखी मोडून पडलेली दिसली. त्यांच्यामधूनच वर जायची वाट होती.

मामानं दोघांना जवळ ओढलं. "पंधरा वर्षं माझं नशीब चांगलं होतं," तो म्हणाला. "मी त्यालाच अक्कल समजत होतो. अक्कल तुमच्याकडे निघाली."

बाबा तेवढे अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते मेरेनसमोर येऊन थांबले.

"सकाळी मलाही भीती वाटत होती गं," ते म्हणाले. "पण मी बोललो नाही. तू बोललीस."