तपकिरी कोटातली बाई

माझ्याकडून पुस्तक नेलं, की परत करताना त्याबद्दलचं मत सांगावं लागतं. हा माझ्या दुकानाचा कायदा. मसाका शहरालगतच्या न्येन्डोच्या बाजारात केळ्यांचे ट्रक उतरतात त्या बाजूला, पत्र्याच्या एका खोलीत मी पुस्तकं वाचायला देते. "छान होतं" एवढंच कुणी म्हणालं तर मी पुस्तक परत घेत नाही. छान म्हणजे काय? उकडलेल्या केळ्यांचे मातोकेही छानच असतात. काय आवडलं, कुठे कंटाळा आला, ते सांग आणि मग जा. लोक मला मागे खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. शाळेत गणित शिकवून माझा स्वभाव असा झालाय, आता या वयात कुठे बदलू?

त्या वर्षी ज्याच्या त्याच्या हातात 'मिठाचं दार' होतं. कुठल्याशा थंड देशातली गोष्ट. मिठाच्या खाणीत, खूप खोल, शास्त्रज्ञ एक दार तयार करतात. त्यातून पलीकडे जाता येतं, परत येता येत नाही. मग सैनिक येतात, हेर येतात, पाठलाग होतात, वाचणाऱ्याची झोप उडते. शेवटी दार कायमचं मिटायच्या आधी एक बाई आत जाते. खाणीत सगळ्यांना सूप वाढणारी, तपकिरी कोटातली. लेखकाने तिला नावसुद्धा दिलेलं नाही. तिला कुणी ढकलत नाही, कुणी बोलावत नाही. ती हातातली बादली खाली ठेवते आणि जाते. दार मिटतं, पुस्तक संपतं.

या बाईवरून माझ्या दुकानात रोज भांडणं व्हायची. केस विणून देणारी स्कोविया म्हणाली, "लेखक दमला असेल गं ताई. नाव सुचलं नसेल." बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवणारा मुतेबी म्हणाला, "ती हेर होती. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"माहीत होतं, तर चार दिवस 'हेर कोण, हेर कोण' म्हणून माझं डोकं का खाल्लंस रे?"

"तुझी परीक्षा बघत होतो," असं म्हणून तो हसत सुटला.

आमचे निवृत्त मुख्याध्यापक, सेबाग्गाला सर, चष्मा पुसत म्हणाले, "तीच खरी कादंबरी आहे, तेओपिस्टा. बाकी सगळा धूर."

मी स्वतः त्या पानावर कधी मत दिलं नाही. माझी धाकटी बहीण नाबोसा अशीच गेली होती. आखातात कुणाच्या तरी घरी कामाला. टॅक्सीत पिशवी टाकली, आत बसली, मागे वळून बघितलं नाही. आधी दर रविवारी फोन यायचा. मग कधीतरी. मग बंदच झाला. ज्या एजंटाने पाठवलं होतं तो म्हणायचा, बरी आहे हो, काळजी कशाला करता. आई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायची, जेवतानाही. मला फक्त नाबोसा घरी यायला हवी होती. दुसरं काही नको होतं.

'मिठाचं दार'वर दोन सिनेमे निघाले. पहिला जुना, त्यात ही बाईच गाळून टाकलेली. दुसरा नवा. त्यात खाणीत हेलिकॉप्टर उडतं. जमिनीखाली, हेलिकॉप्टर! पण बाई होती. पाठमोरी, तपकिरी कोट, हातात बादली. तो सिनेमा माझ्या दुकानासमोरच्या लुटायाच्या हॉलमध्ये लागला.

आमच्याकडे सिनेमा नुसता दाखवत नाहीत. पडद्याशेजारी माइक घेऊन एक माणूस बसतो आणि सगळा सिनेमा आमच्या भाषेत सांगतो, नटांच्या आवाजावरून, स्वतःच्या मर्जीने. अर्धं पडद्यावरचं, अर्धं मनचं. लोक सिनेमाला जात नाहीत, लुटायाला ऐकायला जातात. त्याची एक खोड होती. पडद्यावर कुणाला बिननावाचं राहू द्यायचं नाही. कोपऱ्यात कुणी सैनिक गोळी लागून पडला की हा ओरडणार, "गेला! आपला मुतेबी गेला! सांगत होतो, उलट्या बाजूने गाडी घालू नकोस!" आणि बाकावर बसलेला मुतेबी सगळ्यात मोठ्यांदा हसणार.

एक दिवस स्कोविया पुस्तक परत करायला आली ती डोळे पुसतच. "ताई, बघितलास का गं? काय नाबोसा उभी केलीय लुटायाने! बादली ठेवते आणि जाते. माझ्याच्याने बघवेना."

मी तशीच रस्ता ओलांडून गेले. लुटाया हॉलच्या दारात चपाती-अंडं खात उभा होता.

"त्या बाईला माझ्या बहिणीचं नाव दिलंस?"

त्याने घास गिळला. नाबोसा जायच्या आधी आमच्या आत्यामार्फत त्या दोघांच्या लग्नाची बोलणी झाली होती. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. "तिची चाल बघ ना, ताई," तो म्हणाला. "एक खांदा जरा खाली. अगदी तीच. बिननावाची कशी सोडू?"

"अरे मूर्खा, ती बाई परत येत नाही!"

"सिनेमा आहे, ताई."

"मग नाव काढ."

"आता कसं काढू? लोकांना पाठ झालंय."

"मग परत आण तिला. तोंड तुझंच आहे ना? दार उघड आणि आण घरी."

रागात बोलले मी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याने मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मला त्याचा कर्णा ऐकू आला. सिनेमा संपला होता, शेवटचं संगीत वाजत होतं, आणि लुटाया बोलतच होता. "उठू नका, बसा खाली! नाबोसा येतेय. दार ढकललं तिने. जिना चढली. बर्फ आहे बाहेर, तिला कुठली पर्वा! विमानात बसली. एन्टेबेला उतरली. मसाकाची टॅक्सी पकडली..." हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. मीही इकडे एकटीच हसले. खरं सांगते, बरं वाटलं.

तिथून पुढे मतं बदलायला लागली.

मुतेबी म्हणाला, "शेवट फक्कड आहे. दाराच्या फटीतून आधी तिची बोटं दिसतात ना, तिथे काटा येतो."

"कुठली बोटं?"

"तिची. नखांत मीठ असतं ते."

"पुस्तकात ती परत येत नाही, मुतेबी."

"येते की."

"आणि सिनेमात त्या वेळी काळ्या पडद्यावर नावं सरकत असतात."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण आजारी माणसाकडे बघतो. स्कोवियालाही बोटं दिसली होती. बाजारात भाजून खायच्या टोळांचे पंख खुडत बसणाऱ्या बायकांनाही दिसली होती. मी लुटायाला गाठलं. तो म्हणाला, "बोटांचं मी काहीच बोललो नाही गं. आईशपथ." त्याच्या आवाजात नेहमीची मस्ती नव्हती.

मी स्वतःला समजावलं. पंचवीस माणसं एका अंधाऱ्या हॉलमध्ये बसली की एकाचं बघून दुसऱ्याला दिसतं. यात कसलं आश्चर्य? पण माझं कशात लक्ष लागेना. पुस्तकं लावायला घ्यायचे आणि अर्ध्यावर सोडायचे. कुणी दारात उभं राहिलं की दचकायचे.

मग सेबाग्गाला सर आले. हे सर सिनेमाच्या हॉलकडे बघतसुद्धा नाहीत, नाक मुरडून पलीकडच्या बाजूने चालतात. त्यांनी 'मिठाचं दार' पुन्हा वाचायला नेलं होतं. ते टेबलावर ठेवून म्हणाले, "हे शेवटचं प्रकरण लेखकाने घालायला नको होतं. गेलेल्या बाईला परत आणणं म्हणजे वाचकाची खुशामत."

"सर, कुठलं प्रकरण?"

"हे काय."

मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडलं. शेवटचं पान. बादली, दार, आणि खाली अर्धं पान कोरं. सरांनी चष्मा लावला. त्यांचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत आलं आणि थांबलं नाही. कोऱ्या कागदावरून डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ उतरत गेलं. ओठ पुटपुटत होते. मग त्यांनी पान उलटलं. मागे फक्त पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावरही त्यांची नजर तशीच सरकत राहिली.

"भाषा मात्र चांगली आहे," ते म्हणाले.

मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि समोर गेले.

दुपारचा खेळ संपत आला होता. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखा उकाडा, घामाचा वास, बाहेर तव्यावर टोळ भाजत होते त्याचा वास. बाक भरलेले. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले. बाईने बादली ठेवली. पाठमोरी गेली. खरंच, एक खांदा जरा खाली. दार मिटलं. काळा पडदा, पांढरी नावं.

"नाबोसा येतेय," लुटाया माइकमध्ये म्हणाला. "जिना चढली. विमानात बसली. एन्टेबेला..."

आणि तो थांबला.

मला पडद्यावर नावंच दिसत होती. दुसरं काहीही नाही. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं.

पण बाकांवरची सगळी डोकी एकाच वेळी, हळूहळू, डावीकडे वळायला लागली.

पहिल्या बाकावरच्या माणसांनी पाय आत घेतले. शेजारून कुणी जायला लागलं की घेतो ना, तसे. मग दुसऱ्या बाकावरच्यांनी. मग तिसऱ्या. एका बाईने मांडीवरचं मूल उचलून वाट करून दिली.

दाराला पडदा म्हणून जुनी गोधडी टांगलेली होती. तिच्याजवळ मुतेबी बसला होता. त्याने ती अदबीने बाजूला धरली, थोडा वेळ थांबला, आणि सोडली.

लुटायाच्या हातातला माइक खाली लोंबत होता. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "मी तिला एन्टेबेच्या पुढे आणलंच नव्हतं गं आज."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. हसत होती की रडत होती, तेच कळेना. "तेओ, ये गं लवकर. नाबोसा आली."

मुतेबीने मला बोडावर घातलं. मला दारात सोडलं, आणि गाडी तिथेच वळवून तो निघून गेला.

ती होती. अंगणात, चटईवर, आईशेजारी. जाताना घातलेला तिचा तोच पिवळा झगा, खूप वाळलेली, गालाची हाडं वर आलेली. मी धावत जाऊन तिला मिठीत घेतलं. अंग गरम होतं, घामाने ओलं होतं, काळीज धडधडत होतं. नाबोसाच होती. मला रडू फुटलं. मनात म्हटलं, कशी का आली असेना, आली. मला नको कुठली उत्तरं. आईच्या मांडीवर आज फोन नव्हता, नाबोसाचा हात होता.

मग रीतीप्रमाणे ती बाजूला झाली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. थोरल्या बहिणीला नमस्कार केल्याशिवाय आमच्याकडे घरात पाऊल टाकत नाहीत.

"कशी आहेस, ताई?"

आवाज तिचाच. थोडा घोगरा, शेवटी वर जाणारा. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"बरी आहे गं. तू?"

"बरी आहे. इकडचं कसं?"

"बरंय. तिकडचं?"

"तिकडचंही बरंय."

शब्द संपले की आमच्याकडे नमस्कार संपत नाही. मग नुसता हुंकार. ओठ मिटून, गळ्यातून, एकीने द्यायचा, दुसरीने घ्यायचा. दोघींचं मन भरेपर्यंत.

"म्म," आवाज आला.

मी डोळे पुसले आणि तिच्याकडे बघितलं.

तिचे ओठ मिटलेले नव्हते. लुटाया बोलत असताना पडद्यावरच्या नटांचे हलतात, तसे ते हलत होते. भराभर, न थांबता. घाईघाईने काहीतरी समजावून सांगावं, ऐकणाऱ्याला कळेना म्हणून पुन्हा सांगावं, तसे. आणि डोळे माझ्यावर रोखलेले, पाण्याने भरलेले.

"म्म," पुन्हा आवाज आला, शांत, समाधानी.

आई शेजारच्या टोपलीतल्या टोळांचे पंख खुडता खुडता हसली. तिचं सगळं लक्ष टोपलीत होतं. "तेओ, अगं, पोरगी गुडघ्यांवर बसलीय. उत्तर दे ना तिला."

मी ओठ मिटले, आणि उत्तर दिलं.