कळंब फाट्याची घोडी

गेली का रं ती गाडी? काढला व्हिडिओ? बस आता खाली, स्वराज. भरल्या ताटावरनं उठून पळालास, जसा काय सोयराच आला व्हता तीत.

आपल्या शिनोलीत दर शनवारी रात्री हीच जत्रा. पुण्याची पोरं भीमाशंकरच्या रस्त्याला गाड्या पळवायला येत्यात. फाट्‌फाट् आवाज काढायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीत धडकी भरवायची. आन् पुढं गतिरोधक आला की गाडी तिरकी करून इंच इंच उतरवायची, का तर खालचं प्लास्टिक घासतंय. बत्तीस वर्षं एसटी चालवली मी. साठ माणसं, वर त्यांच्या टोपल्या आन् कोंबड्या. ह्यांच्या गाडीत माणसं किती? दोन. त्यातलं दुसरं मोबाईल धरायला.

हसू नका. अशाच एका गाडीचं सांगतो. कुठं वाचलेलं न्हाई. माझ्या सख्ख्या भाच्यावर, सुदर्शनवर, गुदरलंय. माझ्यापाशी बसून रडत सांगितलंय त्यानं.

गेल्या वर्षी, फाल्गुनातली षष्ठी. पाच मार्च, बुधवार. सुदर्शन तवा पिंपळवंडीला गॅरेजात कामाला व्हता. संध्याकाळी त्याला मोहितचा फोन आला. हा मोहित म्हणजे बापानं प्लॉट पाडून कमावलं आन् ह्यानं ते रस्त्यावर उडवलं, असला गडी. टर्बो का काय म्हणत्यात तसली गाडी त्याची, साडेतीनशे हॉर्सपॉवरची. काम साधं व्हतं. रानडुक्कर आडवं आलं, गाडीचं तोंड फुटलं, तर रात्रीतनं ती चाकणला नेऊन द्यायची, तिथं ओळखीचा माणूस नवं तोंड बसवून देईल. दिवसा न्यायची न्हाई. बदल्यात काय, तर रस्त्यानं तुला पायजे तेवढी पळव. एवढ्यावर आमचं ध्यान पाघळलं.

गाडी कांद्याच्या चाळीत ताडपत्रीखाली लपवलेली. सुदर्शननं बॅटरी मारून बघितलं. फुटक्या जाळीत पांढरे केस. दोऱ्यात ओवलेले निळे मणी. आन् बॉनेटवर पिवळाधमक भंडारा. आता मला सांगा, कुठलं रानडुक्कर कपाळाला भंडारा लावून, गळ्यात मणी घालून हिंडतंय?

कळलं, त्यालाही कळलं. सकाळपास्नं सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप फिरत व्हता. कळंबचे धर्माजी मंगळवारी रात्री यात्रेवरनं घोडी घेऊन चालत निघाले, ते घरी पोचलेच न्हाईत. शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटतो तवा बैलांपुढं घोडी पळती ना, तसली त्यांची घोडी. पांढरीशुभ्र. बैल तिच्या मागं जीव तोडून पळत्यात, दुसरीकडं बघत सुदीक न्हाईत. सत्तरीचा म्हातारा, पण घोडीला दाणा घातल्याबिगर आपण जेवायचा न्हाई. दिवसभर लोकांनी हायवे पालथा घातला. कळंबच्या फाट्यावरनं कालव्याकडं जो नवा रस्ता झालाय, तिकडं मात्र कोण फिरकलं न्हाई. आतला रस्ता महिन्याआधीच झालेला. फाट्याजवळचा तुकडा तेवढा राहिला व्हता, म्हणून दोन्हीकडनं पिंपं लावून वाट बंद. त्या तुकड्यावर डांबर पडलं बुधवारी संध्याकाळी.

सुदर्शननं मोहितला एवढंच विचारायचं व्हतं, कुठं धडकलास? जागा कळली असती. म्हातारा जिता असंल तर वाचला असता. त्यानं काय केलं? फडकं घेतलं आन् भंडारा पुसला. मणी काढून खिशात घातले. साहेबांना गाडी चालवायची व्हती! माझ्या बहिणीच्या पोटी हे असलं निपजलं, सांगायची लाज वाटती मला.

साडेबाराला निघाला. चंद्र मावळून गेला व्हता. गाडीचा एकच दिवा धड. नारायणगावच्या बायपासला लागला आन् पाय दाबला. शंभर. एकशेवीस. पाठ सीटला चिकटली. म्हणला, मामा, खोटं कशाला बोलू, धर्माजी डोक्यातनं गेलेच व्हते.

कळंबच्या अलीकडं उजेडाच्या टोकाला काहीतरी पांढरं दिसलं. पिकअप असंल म्हणून ह्यानं मागं टाकायला अजून पाय दाबला. एकशेचाळीस. पांढरं जवळ येईना. एकशेसाठ. तरी येईना...

मग शेपटी दिसली.

घोडी. वर कोण न्हाई. तोंड वर करून पळतीय. टापांचा आवाज... न्हाई.

ह्यानं पाय काढला. गाडी हळू होईना. ब्रेक दाबला. पार तळाला गेला. काय न्हाई. स्टेअरिंग ह्याच्या हातात, पण ते वळवत व्हतं दुसरंच कोण. फाटा आला. घोडी वळली. गाडी वळली. साडेतीनशे हॉर्सपॉवर मुकाट घोडीच्या मागं, घाटातल्या बैलावाणी.

पिंपं धाडधाड बाजूला उडाली. नव्या डांबराचा वास आला. चाकं चर्र वाजली. मग पुन्हा काळोख. एका अंगाला कालवा. दुसऱ्या अंगाला ऊस.

घोडी थांबली. मान वळवून ह्याच्याकडं बघितलं.

इंजिन बंद. दिवा बंद.

...

मोबाईलची बॅटरी लावून खाली उतरला, तर रस्त्यावर काय नव्हतं. उसात मात्र कोणतरी कण्हत व्हतं.

सरीत घोडी आडवी पडलेली. तिच्याखाली धर्माजींचा पाय. एक रात, एक दिवस, आन् ही दुसरी रात. बिबट्याच्या मुलखात. ओठ फुटलेले. उजेड बघून म्हातारा म्हणला, "पावणं, आधी हिला पाणी पाज. मघाशी उठून गेली व्हती... आत्ताच येऊन निजली. लई पळालीय बघ."

सुदर्शननं घोडीच्या मानेला हात लावला. गार. लाकडावाणी ताठ.

तवा कुठं माणसात आलं माझं भाचं. गाडीत पाण्याची बाटली व्हती, ती त्यानं म्हाताऱ्याला घोट घोट पाजली. ॲम्ब्युलन्स बोलवली. पोलिसांना स्वतः फोन लावला, मोहितचं नाव सांगितलं आन् आपणही काय केलं ते सांगितलं. एवढी मोठी गाडी शेजारी उभी, पण मोडक्या माणसाला निजवायला तीत जागा न्हाई. पाऊण तास म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मणी खिशातनं काढून त्यांच्या हातात दिले, आन् आपण भंडारा पुसला तेही बोलला. धर्माजींनी मणी तेवढे मुठीत धरले.

जीव वाचला. पाय गेला. नवा मोकळा रस्ता गावला म्हणून मोहित मंगळवारी रात्री पिंपं सारून तिथं गाडी पळवत व्हता, आन् हायवेच्या गाड्या नकोत म्हणून धर्माजी त्याच वाटेनं घराकडं निघाले व्हते. धडक बसल्यावर खाली उतरून बघितलंसुदीक न्हाई त्यानं. त्याची केस चालूय. दुसरी गाडी घेतलीय म्हणे, लाल रंगाची.

सकाळी मी कळंबला गेलो. जनावरांचे डॉक्टर म्हणले, मंगळवारी रात्री धडकेतच गेलीय ही. घोडीला पुरायच्या आधी धर्माजींची सून वृषाली म्हणली, मामा, नाल काढून घ्या, शुद्धीवर आले की मागतील. मी पुढचा पाय उचलला.

नालाला ओलं डांबर. वर बारीक खडी चिकटलेली.

दुसरा उचलला. तसंच. चारी पायांना.

घोडी मेली मंगळवारी. डांबर पडलं बुधवारी.

तीन नाल धर्माजींनी ठेवून घेतले. चौथा मला दिला. तो काय, तिथं खुंटीला हाय. स्वराज, ऊठ, हात लावून बघ.

...का रं? मघाशी गाडीमागं तर लई पळाला व्हतास.