शेवटच्या वाफेचा मानकरी

पुढील हकिकतीत मी पदरचा एकही शब्द घातलेला नाही. ज्यास विश्वास ठेवावयाचा नसेल त्याने खुशाल ठेवू नये. परंतु त्या घराचे दार मी स्वतः कुऱ्हाडीने मोकळे केलेले आहे.

जानेवारीतील शनिवारची संध्याकाळ. स्थळ कॅल्युमेट गावाच्या पलीकडे, सुपीरिअर सरोवराच्या अंगाला असलेले आर्वो कांगास याचे घर. या भागातील रस्त्यांवरचा बर्फ उपसण्याच्या गाडीवर मी कित्येक वर्षे नोकरी करीत आहे. आर्वोने मला जसे सांगितले तसेच मी येथे लिहीत आहे.

आर्वोची पत्नी हेल्मी हिची फुफ्फुसे अधू झाली होती. हिवाळ्यात तळघरातील भट्टीची ऊब पत्र्याच्या नळ्यांमधून आणि जमिनीत बसवलेल्या जाळ्यांमधून घरभर खेळे, आणि त्या कोरड्या हवेने तिचा घसा सोलून निघे. उशीवर रक्ताचे ठिपके पडत. "हवेत ओलावा राखा, नाहीतर हा हिवाळा तिला झेपायचा नाही," असे डॉक्टरांनी बजावले होते.

म्हणून साऱ्या घराला ओलावा पुरवणारे यंत्र भट्टीला जोडावयाचे ठरले. भट्टीचा कारागीर वेर्नर याने दोन प्रकार सांगितले. एकात गरम हवा ओल्या जाळीतून जाते. दुसरे स्वतः पाणी उकळून वाफ सोडते.

"जाळीचं घे," वेर्नर म्हणाला. "जुनं घर आहे तुझं. वाफेचं लावलंस तर भिंती घामाघूम होतील."

"मी फिनलंडवाल्यांचा नातू," आर्वो म्हणाला. "मला वाफेची भीती घालतोस होय रे?"

वाफेच्या यंत्रास नळ आणि मोरी हवी. दोन्ही तळघरातील सौनामध्ये आयती होती. सौना म्हणजे या लोकांची वाफेने न्हाण्याची खोली. आर्वोने तिचे बाक व चूल उखडून काढली आणि चुलीवरचे दगड मागच्या बर्फात फेकून दिले.

हेल्मीला ते मुळीच रुचले नाही. त्यांच्यात एक रीत आहे. शनिवारी सर्वांचे न्हाणे आटोपले की शेवटचा माणूस तापल्या दगडांवर एक डाव पाणी ओततो आणि दार लावून निघून येतो. ती वाफ घराच्या अदृश्य राखणदाराची.

"आता शनिवारी त्याला काय देशील, म्हाताऱ्या?" तिने विचारले.

"शनिवारीच कशाला? आता रोज घेऊ दे, पोटभर. यंत्र आहे की."

"त्याला एक खोली पुरत होती, आर्वो. तू तर त्याला अख्खं घर दिलंस."

आर्वो हसला होता.

त्या शनिवारी सरोवरावरून वादळ आले. बर्फ खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत चढला. आतून काचांवर वाफ साचून तिचे पांढरे कवच बनू लागले. एवढ्या कडाक्याच्या थंडीत यंत्र मंद करावे लागते हे आर्वोस ठाऊक होते. तो तळघरात उतरला.

त्याने यंत्राचे बटण बंद केले. त्यावरचा दिवा विझला. बुडबुड्यांचा आवाज थांबला. मग त्याने नळही पिळून बंद केला.

सर्वत्र शांतता.

आणि मग...

चर्रर्र...

तापल्या दगडावर पाणी पडावे तसा आवाज.

तेथे दगड नव्हते. चूलही नव्हती. परंतु सौनात न्हाताना अंगावर झोडतात त्या भूर्जाच्या ओल्या पानांचा वास मात्र नाकात स्पष्ट भरला.

आर्वो जिना धापा टाकीत चढला. हेल्मीला उचलून शेजारी न्यावे, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली. दार हलले नाही.

फटीत शिरलेल्या वाफेचा बर्फ होऊन दार चौकटीला आतूनच सांधले गेले होते. मागचे दारही तसेच. खिडक्या तर दिसेनाशाच झाल्या होत्या. त्याने टेलिफोन उचलला... त्यात काहीच आवाज नव्हता.

"आर्वो," हेल्मी खुर्चीतून हळूच म्हणाली, "त्या जाळीकडे बघ."

जमिनीतील जाळीतून गरम वाफेचा लोट वर आला...

थांबला...

आणि परत आत ओढला गेला.

आर्वोने भट्टी बंद केली. तरीही वाफ येतच राहिली. बाहेर... आत. बाहेर... आत.

त्याने जाडजूड टॉवेल जाळीत कोंबला आणि वर गुडघा रोवून बसला. लोट थांबला.

"बंद केलं बघ," तो म्हणाला.

त्याने वळून पाहिले.

हेल्मीचे डोळे उघडे होते. तोंडही उघडे होते. छाती मात्र हलत नव्हती. ओठ निळे पडू लागले होते.

आर्वोने टॉवेल उपसून फेकला.

वाफ वर आली... आणि हेल्मीची छाती वर आली. वाफ ओढली गेली... छाती खाली गेली. घरघर नाही, खोकला नाही. तिने इतका स्वच्छ श्वास कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

त्यानंतर आर्वोने जाळीस हात लावला नाही. तिच्याकडे पाहत तो नुसता बसून राहिला.

सकाळी मी गाडी घेऊन गेलो, तेव्हा आतून दारावर थापा ऐकू आल्या. मी बर्फ उपसला, फटीत कुऱ्हाड घातली आणि दार उघडले. आम्ही दोघांनी हेल्मीला धरून पायरीवर आणले मात्र, तिचा श्वास जागच्या जागी अडकला.

"आत," आर्वो ओरडला, "आत घे तिला, लवकर."

उंबरठ्याच्या आत येताच ती व्यवस्थित श्वास घेऊ लागली.

वेर्नरने ते यंत्र केव्हाच काढून नेले आहे. खिडक्या तरीही ओल्या असतात. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. फुफ्फुसे चांगली सुधारली आहेत, असे म्हणाले. हेल्मी मात्र पायरी उतरू शकत नाही. आर्वोही आता किराणा दारात मागवतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. हेल्मीने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढे केला.

"तू कुठे बाहेर दिसत नाहीस," मी आर्वोस सहज म्हणालो.

"बाहेर फार कोरडं वाटतं रे," तो म्हणाला.

मी कॉफी पिऊ लागलो. पायाजवळच्या जाळीतून ऊब येत होती. मला थोडी गुंगी आल्यासारखे झाले. कपातली कॉफी संपता संपता माझ्या ध्यानात आले...

आम्ही तिघेही एकाच लयीत श्वास घेत होतो.

मी उठलो. दार उघडण्यास मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला.