कुंचीतला वरवंटा

कंदील बारीक करा आणि जवळ सरका. मध्ये कुणी खुसुखुसू हसलं तर गोष्ट तिथंच थांबेल, आधीच सांगून ठेवतो. हे मला खुद्द हुसेनभाईनं सांगितलं. वडूजचा गाडीवान, नेमानं नमाज पढणारा माणूस. थापा मारायची त्याला सवय नव्हती, ती तुम्हाला आहे.

सेहेचाळीस साल. साताऱ्यात मुलांच्या दवाखान्याला नवी खोली बांधली होती, पण आत ठेवायला काही नव्हतं. तापानं फणफणलेली पोरं फरशीवर निजायची. म्हणून गावोगाव दवंडी दिली, ज्याला जे जमेल ते द्या. वडूजकरांनी घोंगड्या दिल्या, घंगाळं दिली, दोघांनी खाटा दिल्या. ते सगळं पोचवायचं काम हुसेनभाईकडं आलं.

गाडी भरत आली तेव्हा रंगूबाई आपला पाळणा डोक्यावर घेऊन आली. त्याच पाळण्यात तिची तीन लेकरं गेली होती. लोक मागं सरकले.

"ह्यो पाळणा दवाखान्यात?" नानासो पाटील म्हणाले. "बाई, त्याला लेकरं नेणारी सटवी लागलीया. येरळा नदीत सोडून दे."

"आवं पाटील, माझ्या भनीचं पोर तिथं गार फरशीवर पडलंय," रंगूबाई म्हणाली. "माझी लेकरं पाळण्यानं न्हाई मारली. औषध न्हवतं म्हणून गेली."

रिकामा पाळणा हलू द्यायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बारशाला मुलाच्या आधी निजवतात, तसा तिनं घरचा वरवंटा त्यात निजवला. त्याला धाकट्याची कुंची घातली. आणि स्वतः पाळण्याशेजारी गाडीत चढून बसली. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

त्रिपुरी पौर्णिमेची रात्र. वाटेवरचा खडा दिसावा असं चांदणं. पुसेगाव मागं पडलं, गाडी वर्धनगडच्या घाटाला लागली. आणि बैल थांबले.

हुसेनभाईनं चाबूक उचलला. बैल हलेनात. नुसते थरथरत होते.

वाटेत एक बाई उभी होती. पदर तोंडावर ओढलेला.

"पाळणा उतरव," ती म्हणाली. "माझा हाय."

हुसेनभाई अल्लाचं नाव घ्यायला गेला. तेवढ्यात त्याचं लक्ष मागं गेलं. गाडी जागची हलत नव्हती... पण पाळणा हलत होता. कर्र... कर्र...

"वैनी," तो कसाबसा म्हणाला, "दिऊन टाका. जीव तरी वाचंल."

"न्हाई."

बाई चाकाजवळ आली. मग गाडीच्या कठड्याजवळ. तिचा हात पाळण्यात आला... कुंचीवर.

रंगूबाईनं दोन्ही हातांनी पाळणा धरला. "तीन नेलीस," ती म्हणाली. "तवा लय रडले. तुझ्या पाया पडले. आता न्हाई पडायची. दाब. किती दाबायचं तेवढं दाब. ह्यो न्हाई मरायचा."

हात दाबत राहिला...

किती वेळ, ते हुसेनभाईला कधीच सांगता आलं नाही.

मग ती बाई कण्हली. एकदाच. बैल आपसूक चालू लागले. मागं वळून पाहिलं तर घाट मोकळा.

सकाळी दवाखान्यात रंगूबाईची बहीण साळूबाई पोराला त्या पाळण्यात घालायला धजेना. गावातली कुजबुज तिच्याही कानावर गेली होती. रंगूबाईनं वरवंटा काढून बाजूला ठेवला, भाच्याला आपल्या हातानं निजवलं आणि झोका दिला. ते पोर जगलं. पुढं फौजेत गेलं, मिशा राखल्या त्यानं.

त्या सकाळी वरवंट्याची कुंची सोडली तेव्हा हुसेनभाई शेजारीच उभा होता. काळ्या दगडात पाच बोटं रुतली होती. मळलेल्या कणकेत रुतावीत, तशी.

"घरी न्या वैनी," तो म्हणाला. "तुमच्या पाट्याचा हाय."

"ऱ्हाऊंदे हितंच," रंगूबाई म्हणाली. "परत आली, तर तिची बोटं तिला दावा."